साहेबाचं वाक्य

सुवेझवर बॉम्ब पडायला लागले त्या आठवड्यात शेजारच्या उम नासरने नूरबानूकडे खुबूस पाठवणं बंद केलं.

तोवर रोज सकाळी तिच्या तंदुरातून निघालेल्या गरम रोट्या फडक्यात गुंडाळून मधल्या भिंतीवरून यायच्या, आणि इकडून कधी घावन, कधी सांदण परत जायचं. कुवेतच्या शर्क मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत, समुद्राला लागून, हिंदी माणसांचं घर हे एकच. नूरबानूला अरबी जेमतेम यायचं आणि उम नासरला हिंदीतला एक शब्द ठाऊक नव्हता, पण दोघींचं कशावाचून अडलं नव्हतं. त्या सकाळी रोट्या आल्या नाहीत. नूरबानूने भिंतीवरून डोकावून सलाम केला, तर उम नासर पाठ फिरवून घरात गेली. तिचा नवरा बू नासर, दोन गलबतांचा मालक, दारात उभा होता. त्याने नजरसुद्धा वर केली नाही.

का, ते नूरबानूला लगेच कळलं. तिचा नवरा इद्रीस परकार इंग्रजांच्या कचेरीत दुभाषी होता.

इद्रीस मूळचा अंजनवेलचा. रत्नागिरीत मॅट्रिक झाला, मुंबईत एका अरबी व्यापाऱ्याच्या पेढीवर राहून त्याने अरबी पक्की केली आणि तिथून कुवेतला आला. त्याच्याच भागातला, म्हसळ्याचा बदरुद्दीन त्या कचेरीत हेडक्लार्क होता. त्याने शब्द टाकला आणि इद्रीस चिकटला. काम मानाचं होतं. साहेब इंग्रजीत बोलायचा, समोरचा हिंदीत, उर्दूत, अरबीत नाहीतर कोकणातल्या बोलीत, आणि मध्ये इद्रीस.

या कचेरीची एक गोष्ट इद्रीसला सुरुवातीपासून खटकत होती, पण पोटापाण्यासाठी तो मूग गिळून बसला होता. कुवेतवर राज्य अरबांचं होतं. त्यांचा अमीर होता, त्यांचे काझी होते. पण परक्या देशातून आलेल्या माणसांचा न्याय अमीर करत नसे, तो करायचा इंग्रज साहेब. कधीकाळी तसा करार झाला होता म्हणे. म्हणजे अंजनवेलचा माणूस कुवेतच्या बाजारात कुणाशी भांडला, तर त्याला उभं राहावं लागायचं ते इंग्रजापुढे. हिंदुस्थान स्वतंत्र होऊन नऊ वर्षं झाली होती. तिकडे इंग्रजांचे पुतळे हलवायची चर्चा चालू होती, आणि इकडे बाजारात नोटा हिंदुस्थानच्या चालायच्या, वाळू अरबांची होती, आणि हिंदी माणसाच्या मानगुटीवर हात मात्र अजून इंग्रजाचा.

आता इंग्रजांनी आणि फ्रेंचांनी मिळून इजिप्तवर विमानं घातली होती. आपल्याच जमिनीतला कालवा आपला म्हणून ताब्यात घेतला, एवढाच इजिप्तचा गुन्हा. कुवेतचा बाजार खवळून उठला. दुकानदारांनी इंग्रजी बिस्किटं, इंग्रजी सिगारेटी, इंग्रजी कापड फळीवरून खाली काढलं. टॅक्सीवाले साहेबांना बघून गाडी पुढे नेऊ लागले. चहाच्या दुकानात रेडिओभोवती माणसं उभी राहायची आणि कालव्याच्या तोंडावरच्या पोर्ट सईदचं नाव आलं की कुणी कुणाशी बोलत नसे. इद्रीस तिथून जायला लागला की माणसं जरा बाजूला सरकायची. त्याला वाटेत कुणी अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण ते सरकणं शिवीपेक्षा झोंबायचं.

त्याने घरी येऊन नूरबानूला सांगितलं, की चार दिवसांत सगळं थंड होईल. तिने त्या दिवशी पहिल्यांदाच स्वतः रोट्या भाजल्या, आणि त्या करपल्या.

थंड काही झालं नाही. त्याच सुमारास एक इंग्रजी मालवाहू जहाज येऊन खोल पाण्यात उभं राहिलं. मोठी जहाजं किनाऱ्याला लागत नसत. मधून सपाट बुडाच्या बार्जेस जायच्या, माल उतरवून आणायच्या. त्या बार्जेसवर अरब मजूर होते तसे कोकणातले खलाशीही पुष्कळ होते. दाभोळ, हर्णै, जयगड, श्रीवर्धन इथली माणसं. पाण्याशी त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. जहाज इंग्रजांचं आहे म्हटल्यावर अरब मजुरांनी दोर खाली टाकले आणि ते सरळ घरी निघून गेले. त्यांना अडवायची जहाजाच्या कंपनीच्या एजंटाची छाती झाली नाही. मग तो हिंदी खलाशांकडे वळला. तुम्ही काही अरब नाही, म्हणाला, हे भांडण तुमचं नाही, चला कामाला लागा.

खलाशांचा तांडेल होता यूनुस सारंग. दाभोळचा, इद्रीसच्या गावाच्या अगदी समोरचा. मध्ये फक्त खाडी. उंच, हाडकुळा, कमी बोलणारा माणूस. त्याने एजंटाचं बोलणं ऐकून घेतलं, बार्जचा दोर खुंट्याला बांधला, आणि खाली बसला. बाकीचे खलाशी त्याच्याकडे बघून बसले. एजंटाने आरडाओरडा केला, धमक्या दिल्या. यूनुस म्हणाला, या जहाजाचा माल आम्ही उतरवणार नाही, दुसरं आलं तर उतरवू. एवढंच. जहाज तसंच भरलेलं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी यूनुसला पकडून कचेरीच्या मागच्या खोलीत ठेवलं. गुन्हा काय, तर कराराचा भंग आणि कामगारांना चिथावणी. आधी काम सोडून गेले ते अरब आपापल्या घरी कॉफी पीत बसले होते, त्यांना हात लावायचा इंग्रजाला अधिकार नव्हता. अधिकार होता तो फक्त दाभोळच्या माणसावर. इद्रीसने हे कचेरीत ऐकलं तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतंत्र देशाचा माणूस, तोच तेवढा इंग्रजाच्या ताब्यात. पण त्याने पुढचा कागद ओढला.

साहेबाने त्याला आत बोलावलं. साहेब तसा शांत माणूस, आवाज चढवणारा नव्हे. तो म्हणाला, की त्याला या माणसाचं वाकडं करायचं नाही. त्याने न्यायालयात माफी मागावी, कामावर परत जावं, म्हणजे बाकीचेही जातील आणि जहाज मोकळं होईल. नाहीतर त्याला हद्दपार करावं लागेल. तू त्याच्याच भागातला आहेस, जाऊन समजाव.

इद्रीस मागच्या खोलीत गेला. यूनुस भिंतीला टेकून बसला होता. गावाकडच्या चार गोष्टी झाल्या, कोण कुणाच्या नात्यातलं ते निघालं. मग इद्रीसने साहेबाचा निरोप सांगितला, आणि वर स्वतःचंही सांगितलं, की घरी बायको आहे, म्हातारी आई आहे, इजिप्त कुठे, आपण कुठे, एक शब्द बोलून टाका आणि सुटा.

यूनुसने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "इद्रीसभाई, मी नेव्हीत होतो, तुमाला माहीत हाय?"

इद्रीसला माहीत नव्हतं.

"शेहेचाळीस साली मुंबईत जहाजावर होतो. जेवनात खडे, वर शिव्या. आमी इंग्रजाचा झेंडा उतरवला. सगळ्या जहाजांवरनं उतरवला. मग आपल्याच मोठ्या लोकांनी सांगितलं, शरण जावा, देश तुमच्या पाठीशी हाय. शरण गेलो. इंग्रजाने बिल्ले काढून घेतले नि घरी धाडलं. स्वातंत्र्य आलं तवा मी दाभोळात जाळी विणत व्हतो. कोनी विचाराय नाय आला."

"मग आता पुन्हा कशाला?" इद्रीसने विचारलं. "तेव्हा कोण आलं नाही, आता कोण येणार आहे?"

"कोन यावा म्हनून नाय," यूनुस म्हणाला. "त्या पेट्यांत बिस्किटं असतील नायतर गोळ्या. मना काय ठाव. पन ज्यांची विमानं तिकडे घरांवर बॉम्ब टाकतात, त्यांचा माल माज्या हातानं उतरनार नाय. आपल्यावर शंभर-दीडशे वर्षं त्यांनी हेच केलं. आपला माल, आपली पाठ, आपलीच मानसं आपल्याविरुद्ध. हे बघून मी आता दोर ओढू?"

बाहेर पडताना इद्रीसला राग आला होता, पण कुणाचा, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. यूनुसच्या हट्टाचा होता, साहेबाच्या त्या शांत आवाजाचा होता, आणि थोडा स्वतःचाही होता.

घरी येईपर्यंत त्याने मनाशी एक युक्ती ठरवली होती. यूनुस न्यायालयात आपल्या बोलीत काय हवं ते बोलेल. इद्रीस त्याचं इंग्रजी करताना मऊ करील. झालं त्याचं वाईट वाटतं, पुन्हा असं होणार नाही, अशी चार वाक्यं. यूनुसला इंग्रजी येत असेल ती जहाजावरच्या हुकमांपुरती. तो सुटेल, कुणाचं काही बिघडणार नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर त्याने हे नूरबानूला सांगितलं. ती सुपारी कातरत होती, तिचा हात थांबला.

"आणि तो कामावर नाही गेला तर?"

"ते पुढचं पुढे. आधी सुटू दे."

"म्हणजे त्याने जे केलं, ते तुम्ही त्याच्या तोंडून पुसून टाकणार," नूरबानू म्हणाली. "सगळ्या बाजारात होईल की कोकणातल्या तांडेलाने इंग्रजाची माफी मागितली. त्याला ते कळणारसुद्धा नाही."

इद्रीस चिडला. तिला म्हणाला, की तुला कचेरीतलं काय कळतं, माणूस वाचणं महत्त्वाचं. तिने पुन्हा सुपारी कातरायला घेतली आणि विषय सोडून दिला.

खटला सकाळी उभा राहिला. खोलीत साहेब, कडेला एजंट, टेबलाशी बदरुद्दीन, दारात शिपाई. यूनुसला आणून उभं केलं. साहेबाने आरोप वाचला, इद्रीसने तो यूनुसला सांगितला, आणि साहेबाने विचारलं, की तुला काही म्हणायचं आहे का. यूनुस आपल्या बोलीत बोलला. अरब मजुरांनी काम सोडलं ते बरोबर केलं, मी त्यांच्या पाठोपाठ बसलो तेही बरोबर केलं, आणि असं जहाज पुन्हा आलं तर पुन्हा बसेन, असं तो म्हणाला.

इद्रीसने घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं, की आरोपीला झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो, तो सॉरी आहे.

साहेबाने मान हलवली. त्याचा चेहरा सैल झाला. बदरुद्दीन लिहू लागला.

"इद्रीसभाई," यूनुस म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी सॉरी म्हटला नाय."

यूनुसने मग साहेबाकडे बघून तुटक पण स्वच्छ इंग्रजीत तेच सांगितलं, की मी सॉरी म्हटलेलं नाही. आणि पुन्हा तो आपल्या बोलीवर आला. "इंग्रजी मना समजते. नेव्हीत शिकवली. पन मी बोलनार माज्या भाषेत. मी सांगतो तसंच तुमी सांगा."

इद्रीसचे कान तापले. साहेब त्याच्याकडे बघत होता. इद्रीसने या वेळी शब्दाला शब्द लावून सगळं सांगितलं. मजुरांनी बरोबर केलं, मी बरोबर केलं, पुन्हा करीन. सांगता सांगता त्याला आपला आवाज जरा मोठा झाल्यासारखा वाटला. कुवेतला आल्यापासून इतकं सरळ वाक्य त्याने या खोलीत कधी उच्चारलं नव्हतं.

साहेबाचा शांतपणा तिथे संपला. तो लाल झाला, खुर्चीत पुढे वाकला आणि इद्रीसला म्हणाला, "याला सांग. कुलीला कालव्याबद्दल मतं नसतात. कुलीला पाठ असते."

इद्रीसने यूनुसकडे पाहिलं.

"त्याला समजलं आहे, सर," तो म्हणाला. "त्याला इंग्रजी येतं."

"मला माहीत आहे. पण त्याच्या भाषेत सांग. त्याच्या भाषेत ऐकलं म्हणजे नीट लागेल."

साहेब हे अगदी साधेपणाने बोलला, चहात साखर घाल म्हटल्यासारखं. आणि तेच इद्रीसला सहन झालं नाही. इतकी वर्षं त्याने या माणसाची आणि याच्या आधीच्या माणसांची वाक्यं इकडून तिकडे नेली होती. दंड, कैद, हद्दपारी, सगळं. ते कायद्याचं बोलणं होतं, त्याला सांगावं लागत होतं. पण हे? हे वाक्य आता त्याच्या आईच्या बोलीत व्हायला हवं होतं, त्याच्या तोंडून, समोर उभ्या असलेल्या दर्यावर्दी माणसाला, ज्याचा बाप तांडेल, आजा तांडेल. तोंडावर मारायचंच होतं तर साहेबाने आपल्या हाताने मारायचं होतं. त्याला त्यासाठी इद्रीसचा हात हवा होता. राज्य गेलं, हिंदुस्थानातून चंबूगबाळं आवरून गेले, तरी आपल्याच माणसाकडून आपल्या माणसाला मारून घ्यायची यांची खोड गेली नव्हती.

"हे मी सांगणार नाही," इद्रीस म्हणाला.

साहेबाला क्षणभर नीट ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा विचारलं. इद्रीसने पुन्हा तेच उत्तर दिलं, आणि वर म्हणाला, की मी या कचेरीचा दुभाषी आहे, शिव्या पोचवायला ठेवलेला माणूस नाही.

साहेब बदरुद्दीनकडे वळला. बदरुद्दीन मान खाली घालून बसला होता. म्हसळ्याचा माणूस, बोली तीच, आणि हिंदी-उर्दूतले अर्ज तर त्याच्यासारखे सबंध कुवेतात कुणी लिहीत नसे. त्या कचेरीत त्याचे केस पांढरे झाले होते. साहेबापुढे त्याने कधी नाही म्हटल्याचं इद्रीसला आठवत नव्हतं.

बदरुद्दीनने टाक दौतीत ठेवला. "माझं हिंदी बाजारापुरतं आहे, सर," तो म्हणाला. "कोर्टात चालणार नाही."

एजंट हसला की खोकला, ते कळलं नाही. साहेबाने दारातल्या शिपायाकडे पाहिलं, पण तो इराणी होता. ते वाक्य मग तसंच इंग्रजीत राहिलं. साहेबाने निकाल इंग्रजीत वाचून दाखवला. यूनुस सारंगला हद्दपार करण्यात येत आहे. दुभाषी इद्रीस परकार याची नोकरी संपली आहे आणि त्याचा राहण्याचा परवानाही. त्यानेही पुढच्या बोटीने जावं.

हा निकाल मात्र इद्रीसने यूनुसला आपल्या बोलीत सांगितला, कुणी न सांगता. यूनुस ऐकत होता, आणि ऐकता ऐकता पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. स्वतःचं ऐकून उतरला नव्हता. इद्रीसचं ऐकून उतरला.

बाजाराला बातमी पोचायला वेळ लागला नाही. इद्रीस घरी आला तेव्हा नूरबानूला सगळं ठाऊक होतं, कारण उम नासर तिच्या स्वयंपाकघरात बसली होती, आणि तिने आणलेल्या रोट्यांचा ढीग दोघींच्या मध्ये होता. नूरबानूने नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलंत."

दुपारी बू नासर आला. इतके दिवस न बोलल्याबद्दल त्याने काही खुलासा केला नाही, इद्रीसनेही विचारला नाही. तो भारदस्त माणूस होता, हळू बोलायचा, पण त्या दिवशी घाईने बोलत होता. तुम्ही कुठे जाणार नाही, म्हणाला. माझ्या गल्लीतून माझ्या शेजाऱ्याला कोण उचलतो ते मी बघतो. आणि तो तसाच उठून वरच्या लोकांकडे गेला. त्याच्या बापाने, आजोबाने राजघराण्याबरोबर मोत्यांच्या हंगामात गलबतं हाकली होती. त्याचा शब्द तिथे कधी खाली पडला नव्हता.

दिवस मावळताना तो परत आला आणि दिवाणखान्यात येऊन खाली बसला. नूरबानूने आणलेली कॉफी तशीच निवली.

"ते म्हणाले, तुमच्या बाजूचं सगळं कळतं," शेवटी बू नासर म्हणाला. "पण हिंदी माणसांचा मामला इंग्रजांच्या हातात आहे. आम्हाला बोलता येत नाही." त्याने इद्रीसकडे पाहिलं. "हे माझं शहर आहे. या गल्लीतली विहीर माझ्या आजोबाने खणली. माझ्या शेजारी कोण राहील हे ठरवणारा मात्र समुद्रापलीकडचा. इतके दिवस मला वाटत होतं, गुलाम तू आहेस, त्यांच्या कचेरीत बसतोस. तुझ्याकडे बघायचंसुद्धा नाही असं मी ठरवलं होतं. आणि मी कोण आहे?"

एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं होतं, आणि त्या रागाला जायला कुठे वाट नव्हती. कोकणात असा राग इद्रीसने लहानपणी आपल्या बापाच्या चेहऱ्यावर पाहिला होता, मामलेदार गेल्यावर.

कचेरीतून बोटीची तिकिटं आली. मुंबईला जाणारी ती बोटही इंग्रजी कंपनीचीच होती. यूनुसला सामान आवरण्यासाठी शिपायाबरोबर सोडलं होतं, तो इद्रीसच्या दारात आला, तिकिटाकडे बघून म्हणाला, की मारूनमुटकून चढवलं तर गोष्ट वेगळी, पण आपल्या पायांनी या बोटीवर तो चढणार नाही. इद्रीसला वाटलं, आता पुन्हा तुरुंग. तिथेच बसलेल्या बू नासरने मात्र विचारलं, काय म्हणतोय. इद्रीसने अरबीत सांगितलं. बू नासरच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"हुकूम जाण्याचा आहे ना?" तो म्हणाला. "मग कुणाच्या बोटीने, हे साहेब नाही सांगू शकत. माझं बूम मलबारला लाकूड आणायला निघतंय. जाता जाता दाभोळला थांबेल."

बूम म्हणजे मोठं शिडाचं गलबत. निघायचा हंगाम सरत आला होता, वारा उत्तरेचा होता, आणि समुद्र म्हणजे काही घरचं अंगण नव्हे. इद्रीसने नूरबानूला बोटीने पाठवायचा विचार केला. ती ऐकायला तयार नव्हती. म्हणाली, तुम्ही नाही म्हणायचं, तांडेलांनी नाही म्हणायचं, आणि मी एकटीने त्यांच्या बोटीत बसायचं, असं कसं? माझेही हात-पाय धड आहेत. उम नासरने गलबताच्या मागच्या बाजूला तिच्यासाठी चटईचा आडोसा बांधून घेतला, खजुरांची गोणी आणि सुकी मासळी भरून दिली, आणि निरोप घेताना तिचा हात सोडता सोडेना.

निघायच्या दिवशी किनाऱ्यावर माणसं जमली. काम सोडून घरी बसलेले मजूर आले होते, खलाशी आले होते, बाजारातले काही दुकानदार आले होते. घोषणा वगैरे झाल्या नाहीत. मजुरांनी परकारांची ट्रंक खांद्यावर घेतली आणि पाण्यात उतरून होडीत ठेवली. गर्दीच्या मागे, कचेरीच्या वेळेत, बदरुद्दीन उभा होता. तो पुढे आला नाही, पण गेलाही नाही. ही माणसं खरंच गलबतावर चढतात की नाही हे बघायला साहेबाने एक अंमलदार पाठवला होता. त्याला होडीतून गलबतापर्यंत जायचं होतं. एकाही होडीवाल्याने त्याला होडीत घेतलं नाही. एक म्हणाला, माझं वल्हं मोडलंय. दुसरा म्हणाला, माझंही. वल्ही सगळ्यांच्या हातात होती. अंमलदार बुटांत वाळू घेऊन किनाऱ्यावर उभा राहिला.

प्रवास सोपा झाला नाही. मकरानच्या किनाऱ्यापुढे वाऱ्याने झोडपलं, नूरबानू दोन दिवस पडून होती. यूनुस मात्र शिडावर हात पडताच दुसराच माणूस झाला. अरब खलाशांना तो खुणांनी सांगायचा, ते त्याला अरबीत शिव्या द्यायचे आणि त्याचं ऐकायचे. एका संध्याकाळी तो इद्रीसजवळ येऊन बसला आणि म्हणाला, की माझ्यापायी तुमची नोकरी गेली, हे मनातून जात नाही. इद्रीस म्हणाला, नोकरी तुमच्यापायी नाही गेली, साहेबाच्या तोंडापायी गेली. मग थोड्या वेळाने इद्रीसने विचारलं, की साहेब ते बोलला तेव्हा तुम्ही गप्प कसे राहिलात.

"माज्या बाजूनं तुमी बोललात ना," यूनुस म्हणाला. "येकाच वेळी दोघांनी कशाला बोलायचं?"

दाभोळच्या खाडीत अरबी बूम शिरलं तेव्हा दोन्ही काठांवर माणसं धावली. यूनुस उत्तरेला उतरला, परकार नवरा-बायको दक्षिणेला.

सुवेझमधून इंग्रजांना तोंड काळं करून निघावं लागलं, ती बातमी त्यांना गावात कळली. इद्रीसने गुहागरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला सुरुवात केली. पगार जेमतेम होता. पुढची वर्षं ओढगस्तीत गेली. यूनुसने होडी घेतली. साहेबाचं ते वाक्य इद्रीस कुणाला सांगत नसे. विचारलं तर म्हणायचा, त्या वाक्याला आपल्या भाषेत शब्द नाहीत.

मग एकसष्ट सालच्या जूनमध्ये रेडिओवर आलं, की कुवेत स्वतंत्र झाला, जुना करार संपला. आणि पावसाळा सरल्यावर कुवेतहून सुट्टीवर आलेल्या एका खलाशाने बू नासरचा तोंडी निरोप आणला. तिथल्या माणसाचा न्याय आता तिथेच होतो, कुणाचाही असो, असं त्याने सांगितलं होतं. तू राहायचास ते शेजारचं घर पाडलं, आमचंही पाडणार आहेत, नवा रस्ता येतोय. पण तू ये. आता तुला ठेवायचं की नाही हे आम्ही ठरवतो.

इद्रीस दिवसभर आनंदात होता. खाडी ओलांडून जाऊन त्याने यूनुसला निरोप सांगितला. यूनुसही हसला, पण जायचं नाही म्हणाला. होडी आहे, बास झालं. इद्रीसचं मात्र ठरलं. नूरबानूने ट्रंक खाली काढून दिली, तिच्यावरची धूळ झटकली, आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्यांनी ठरवायचं की तुम्हाला ठेवायचं. आधी इंग्रज ठरवत होता."

"अगं, तो परका होता. हे त्यांचं घर आहे. आपल्या घरात कोण राहील हे माणसाने स्वतः ठरवावं, यासाठीच सगळं झालं ना?"

"झालं ना. चांगलंच झालं," ती म्हणाली. "मी त्यांना बोल लावत नाही. मी म्हणते, आपलंही घर आपलं होऊन चौदा वर्षं झाली. इंग्रज कधीच गेला. मग अंजनवेलच्या माणसाला पोट भरायला अजून दुसऱ्याच्या दारात का उभं राहावं लागतं? याचा जाब मी कुणाच्या कचेरीत जाऊन विचारू?"

इद्रीस सदरा हातात घेऊन उभा राहिला. तिच्या आवाजात तोच राग होता, बू नासरच्या आवाजात होता तसाच, आणि या वेळी समोर कुणी साहेबही नव्हता. त्याने सदऱ्याची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली.